तीन उलट्या फरश्या

उन्हाळा आला हे मला कॅलेंडरच्या आधी तळपायांना कळतं. चैत्र लागला की आमच्या सोलापुरात पत्रे तापून कडकडायला लागतात, अंगणात अनवाणी चार पावलं टाकायची सोय राहत नाही, आणि बाहेरून आत आलं की फरशी पायाला अशी लागते, जशी माठाला हनुवटी टेकवावी. दुपारची भांडी झाली की मी पलंग सोडून माजघरात नुसत्या फरशीवर आडवी होते. सून म्हणते, "आई, सतरंजी तरी घ्या अंगाखाली." आता सतरंजीच घ्यायची तर पलंगानं काय वाईट केलंय?

यंदा चैत्रात ओसरीत टाइल्सची खोकी येऊन पडली. माझा मुलगा संजय बरेच दिवस म्हणत होता की ही शहाबादी काढून टाकू, सांधे उघडे पडलेत, मुंग्या होतात, पुसताना फडकं अडकतं. सगळं खरं होतं. खोक्यांवर पांढऱ्या गुळगुळीत टाइलचं चित्र होतं, तोंड दिसेल अशी. मी एवढंच म्हटलं की असू दे की ही, काय वाईट आहे. तो म्हणाला, आई, तुझ्यासाठीच करतोय. पन्नास वर्षांपूर्वी ह्यांनीही त्यांच्या आईला हेच ऐकवलं होतं, याच घरात, अशाच उन्हाळ्यात. तेव्हा खरं कारण त्या माउलीला सांगता आलं नव्हतं, आणि आता मलाही आलं नाही. माझे डोळे कडेकडेनं विझत चाललेत आणि हे घर मी निम्मं पायांनी बघते, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे लिहितेय तेसुद्धा जाड पेननं, एक ओळ सोडून. तर अक्षरं वरखाली झाली असतील तर समजून घ्या.

तो उन्हाळा सांगायचा तर आधी दगडाचं सांगायला हवं. मी मंद्रूपची. आमच्याकडं जमीन म्हणजे काळी. पावसात चप्पल धरून ठेवणार, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. वडलांनी विहीर काढायला घेतली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आधी काळी माती निघाली, तिच्यात हरभऱ्याएवढे चुनखडीचे पांढरे खडे. ते आम्ही पोरी ओच्यात भरून न्यायचो. मग मुरूम. आणि मग तो पाषाण लागला की पहार मारली तर पहारच झिणझिणायची. सुरुंग लावले तेव्हा कुठं ओल दिसली. त्यामुळं दगड म्हटलं की माझ्या डोक्यात तोच, काळा, हट्टी, फुटला तर कसाही फुटणारा. दगडाला वहीसारखी पानं असतात, आणि ती एकेक करून उचलता येतात, हे मला लग्न होऊन सोलापुरात आल्यावर कळलं.

घर हेच, अक्कलकोट रोडच्या बाजूचं. तीन खोल्या एका रांगेत, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि मागं परसात हौद. हे टॉवेलच्या कारखान्यात होते, सायकलवर एमआयडीसीला जायचे, संध्याकाळी केसांत कापसाची पांढरी भुरी घेऊन यायचे. घरात आम्ही तिघंच. सासूबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. अव्वांचं माहेर कानडी मुलखातलं, त्यांच्या बोलण्यात दोन्ही भाषा एकाच परातीत मळलेल्या. स्वयंपाकघर त्यांचं. मी लाटायची, चिरायची, पण फोडणी त्यांच्या हातची आणि कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला.

जमीन तेव्हा मातीची होती. दर सोमवारी अव्वा स्वतः सारवायच्या. ओल्या शेणामातीचा तो वास, त्यावर चार बोटांच्या अर्धगोल रेघा. त्या जमिनीत खळगे फार. माजघराच्या दाराशी पावलाएवढा एक, जात्याभोवती गोल उतार, चुलीच्या अलीकडं एक उंचवटा. मी नवी, हौशी. एकदा ते खळगे मुरूम घालून सारखे करायला बसले, तर अव्वांनी येऊन माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे की," म्हणाल्या. "पायास्नी सवय हाय त्येंची."

मला वाटलं, म्हातारी माणसं असतातच अशी.

ह्यांनी मालकांच्या घरी शहाबादी फरशी बघितली आणि त्यांच्या मनानं घेतलं. आईचं सारवण सुटेल, गुडघे सुटतील. अव्वा नको म्हणाल्या, थंडी धरते म्हणाल्या, वात होतो म्हणाल्या. हे हसले. आई, तुझ्यासाठीच करतोय, म्हणाले. झालं. चैत्रात ट्रक आला आणि परसात फरशीची थप्पी लागली. राखाडी, मध्येच पिवळसर, मध्येच जांभळट झाक असलेली. उन्हात तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की एक वास सुटायचा, तो मला अजून नाकात आहे. मातीचा नाही आणि चुन्याचाही नाही. जुन्या रांजणाच्या तळाचा म्हणा.

फरशीबरोबर शरणप्पा मेस्त्री आला. चाळिशीतला, मोजकं बोलणारा, डोक्याला टॉवेल. अक्कलकोटच्या पलीकडं, हद्द ओलांडून पुढं गेलं की या फरशीच्या खाणी आहेत, तिथला. त्याचे वडील खाणीत पाथरवट होते. तो प्रत्येक फरशी उभी धरायचा आणि थापीच्या दांड्यानं ठोकून कान लावायचा. टण वाजली तर चांगली, थप वाजली तर बाजूला. अव्वा ओसरीतून ऐकत असायच्या. म्हणाल्या, "मेस्त्री, सून बगाय गेलो तवा आमीबी एवढं निरकून बगितलं न्हाई." मी तिथंच पाणी मारत होते. शरणप्पा खाली मान घालून हसला. मला तो तंगी म्हणायला लागला, कानडीत धाकटी बहीण.

काही फरश्यांना एका अंगाला लाटा होत्या. खरंच लाटा, बोटभर अंतरानं, एकीमागं एक, हात फिरवला तर तळव्याला गुदगुल्या होतील अशा. मी विचारलं, हे कुणी कोरलं? तो म्हणाला, कुणी न्हाई. नीरिन कल्लु, म्हणजे पाण्याचा दगड. नदीकाठच्या वाळूत पाणी कशी वळी पाडतं, तशी ही. पाण्याचं दगडात कसं झालं ते त्याला ठाऊक नव्हतं, वडील तसं म्हणायचे एवढंच. पण बसवताना लाटांचं अंग खाली घालायचं आणि सपाट अंग वर, हा नेम. लाट वर ठेवणारा मेस्त्री म्हणजे भाकरी उलटी वाढणारी बाई, असं तो म्हणाला.

ओसरी झाली, माजघर झालं. धुमसानं मुरूम ठोकून त्यावर फरशी, सांध्यात सिमेंट. घर एकदम मोठं दिसायला लागलं, दुपारचा उजेड खालून वर यायचा. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आणि इकडं अव्वा ठेचकाळायला लागल्या. आधी तांब्या फळीवर ठेवायला गेल्या तो हवेत सोडला. मग जात्याला गुडघा लागला. जातं होतं तिथंच होतं, त्याच्याभोवतीचा उतार तेवढा गेला होता. त्या माजघरातून जायच्या म्हणजे भिंतीच्या कडेनं. बाकी वेळ स्वयंपाकघरात बसून राहायच्या, तिथली माती अजून शाबूत होती म्हणून. ह्यांना वाटलं, रुसलीय. मलाही वाटलं, हट्ट आहे.

कुरडयांचा गहू भिजत घातलेला, तिसरा दिवस, सगळ्या घरात तो आंबूस वास. दुपारची वेळ. मी परसातून आत आले तर अव्वा माजघरात भिंतीकडं तोंड करून उभ्या. तळहात भिंतीला लावलेला. दार त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, लख्ख उजेडात. माझी चाहूल लागली तशा वळल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "म्हादेवी, दार कुटं हाय गं?"

मी त्यांचा हात धरून दारात नेला. मग एकेक आठवायला लागलं. वर्ष झालं, तांदूळ निवडायचं काम त्यांनी मला दिलं होतं. सुईत दोरा मला ओवायला लावायच्या, वर म्हणायच्या, तरणे डोळे कशासाठी असतात. मातीच्या प्रत्येक खळग्याला त्यांचं पाऊल ओळखत होतं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. त्या दिवशी चुलीशी बसून त्यांनी मला त्यांच्या सासूचं सांगितलं. त्या सासूचे डोळे गेले तसा आधी हातातला पळा गेला, मग कोठीची किल्ली, मग बाज ओसरीत आली. ताट वेळेवर जायचं, उपाशी कुणी ठेवलं नाही. "जेवाय मिळत हुतं की," अव्वा म्हणाल्या. "पर मीठ किती घालू म्हून इचारत कुणी न्हवतं." आणि मग माझं मनगट दाबून, "तू सांगू नको कुणाला."

मी नाही सांगितलं. पण स्वयंपाकघर उकरायचा दिवस उजाडला. ती माती मी पाट्यांनी परसात टाकली, चुलीजवळचा उंचवटासुद्धा. काय वाटलं असेल मला, ते सोडा.

आता शरणप्पाची चूक ऐका. स्वयंपाकघराच्या दारात जी फरशी बसते तिला चौकटीच्या खांबासाठी एका कोपऱ्यात खाच पाडावी लागते. माप त्यानं माजघरातून घेतलं आणि खाच पाडायला परसात, पलीकडून बसला. डावं उजवं झालं. सकाळभर छिन्नी चालवून फरशी आणली, तर खाच खांबाच्या उलट्या कोपऱ्यात. ती बसणार असेल तर उलटीच, लाटा वर. आणि तेवढी मोठी फरशी थप्पीत दुसरी नव्हती. त्यानं ती तशी ठेवून बघितली. चपखल बसली. मेस्त्री टॉवेलनं तोंड पुसत तिथंच खाली बसला. म्हणाला, फोडतो आणि दोन तुकड्यांत बसवतो.

तेवढ्यात अव्वा आल्या. भिंत धरूनच येत होत्या. उजवं पाऊल त्या फरशीवर पडलं आणि थांबलं. पाऊल जरा पुढं गेलं, जरा मागं आलं, जसं आपण पोराच्या पाठीवरून हात फिरवतो. मग त्यांनी भिंत सोडली. वळल्या, सरळ चार पावलं गेल्या आणि मांडलेल्या नव्या चुलीपाशी खाली बसल्या. हात कुठंही न लावता.

शरणप्पानं ते बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "अण्णा, हीच ऱ्हाऊ दे."

त्यानं त्या लाटांवरून बोट फिरवलं. माणसाचं नाव कामावर असतं. गल्लीत अजून चार घरं फरशी घालायच्या बेतात होती, ते लोक रोज येऊन बघून जात होते. शेवटी म्हणाला, "हसतील लोक, तंगी." आणि उठून थप्पीतून लाटांच्या आणखी दोन फरश्या काढल्या. एक मागच्या दारात बसवली, एक स्वयंपाकघरातच देवापाशी. हे संध्याकाळी आले तेव्हा त्यांना सांगितलं की ओल्या पायानं घसरू नये म्हणून दाराला खडबडीत अंग वर घेतात. देवापाशी ओला पाय कुठून येतो, ते ह्यांनी विचारलं नाही.

हसायचं ते लोक हसलेच. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काय गं, मेस्त्री तिरळा हुता का? घराचं पोट वर केलंय की." चार घरांपैकी दोघांनी दुसरा मेस्त्री बघितला. शरणप्पा पुन्हा कधी या गल्लीत आला नाही. अव्वांनी मात्र त्यानंतर अकरा वर्षं स्वयंपाक केला. दिसणं पुढं पार गेलं, मग सगळ्यांनाच कळलं, पण तेव्हाही कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की हिच्या हातातून पळा काढून घ्यावा. किल्ली कमरेला असतानाच गेल्या.

या फरशीचं मूळ मला परवा परवा कळलं. नात पूर्वा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकते. गेल्या उन्हाळ्यात भिंग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पोटावर पडली. तिची आई, विद्या, शेंगदाणे भाजत होती, म्हणाली, जेवायच्या वेळेला दार अडवू नकोस. पण पूर्वाचं लक्ष कुठं. आजी, हा समुद्राचा तळ आहे, म्हणाली. उथळ समुद्र होता, तळाचा गाळ थराथरानं बसला, पाण्यानं त्यावर वळ्या पाडल्या, वरून दुसरा गाळ येऊन त्या झाकल्या आणि दाबून दाबून दगड झाला. म्हणून त्याची पानं सुटतात. मंद्रूपच्या विहिरीतला पाषाण वेगळा. तो आगीचा. जमिनीतून तापलेला रस यायचा आणि पसरायचा, थंड झाला की त्यावर दुसरा, चादरीवर चादर टाकल्यासारखा. आपलं सोलापूर त्या चादरींवर बसलंय. दक्षिणेला हद्दीपलीकडं चादरीची कड संपते, तिथं तो जुना पाण्याचा दगड उघडा पडलाय.

मला एकदम अक्कलकोटवरून पुढं जाणारी एसटी आठवली. एका ठिकाणानंतर शेतांच्या बांधाला काटे नसतात, उभ्या फरश्या रोवलेल्या असतात. खिडकीतून बघून मी कितीदा म्हटलं असेल, बघा, दगड बदलला. पण का, ते विचारायचं सुचलं नव्हतं.

मी पूर्वाला म्हटलं, मग शिंपले का नाहीत यात, मासोळीचा काटा का नाही? देवापाशीच्या फरशीवर काळी बारीक झाडासारखी नक्षी आहे, ती दाखवली. ती म्हणाली, ते झाड नाही आजी, भेगेतून झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजाचा डाग आहे. हा समुद्र फार जुना. तेव्हा मासे नव्हते, शिंपले नव्हते. मग हसून म्हणाली, "त्या लाटा बघायला जगात डोळाच नव्हता."

कुणी न बघितलेली लाट, कोटी कोटी वर्षांनी आमच्या दारात आली, आणि आल्यावरही ती ज्या बाईची झाली तिनं तिला बघितलंच नाही. मग मी पूर्वाला अव्वांचं सगळं सांगितलं. विद्या पाठमोरी शेंगदाणे हलवत होती, ते खमंग तडतडत होते. तिनं ऐकलं असेल असं मला वाटलं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी मी देवळात जाते म्हणून एकटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. काचबिंदू. गेलं ते येणार नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं, दिवसातून तीनदा. बाटली देव्हाऱ्यात मूर्तींच्या मागं ठेवली. का लपवली? विद्या काही माझा पळा काढून घेणारी नाही. पण माणूस असं ठरवून थोडंच वागतं. अव्वा म्हणाल्या होत्या ते मीठ आठवायचं. आणि मी घरात दारातल्या लाटेवरून दाराकडं, देवाजवळच्या लाटेवरून देवाकडं हिंडत राहिले, कुणाला शंका न येता.

यंदा ओसरी आणि माजघर दोन दिवसांत उकरून झालं. मशिनचा आवाज असा की दातात कळ यावी. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. धुळीचा त्रास नको म्हणून संजयनं मला शेजारी बसवलं. तिथं चहा आला, गप्पा झाल्या, माझं लक्ष मशिनकडं. आता भिंतीकडची बाजू संपली असेल. आता दाराशी आलं असेल. मनाची समजूत घालत होते की टाइलचीही सवय होईल, भिंती आहेतच की. अव्वांनाही भिंत होती.

आणि मशिन थांबलं. बराच वेळ थांबलं. मला राहवेना, चाचपत घरी आले.

विद्या दारातल्या फरशीवर उभी होती. साडीचा पदर खोचलेला, केसांवर धूळ, समोर टाइलवाला मशिन हातात धरून. तो समजावत होता की ताई, लेव्हल जुळवता येईल पण दिसायला बरं दिसणार नाही, मधेच जुना दगड. लोक म्हणतील टाइल कमी पडल्या, नाव माझं खराब होईल.

"म्हणू देत," विद्या म्हणाली. "दारातल्या दोन आणि देवापाशी एक, या तीन ऱ्हाणार. बाकी तुमी काय करायचं ते करा."

संजयनं कामावरून आल्यावर विचारलं. तिनं सांगितलं, ओल्या पायानं घसरायला होतं, म्हणून दारात खडबडीत असलेलं बरं. तो देव्हाऱ्याकडं बघून काही म्हणणार होता, पण मग चहा मागितला.

आता घर पांढरं झालंय. छान दिसतं, नाही म्हणत नाही. टाइल दुपारी शहाबादीइतकी गार लागत नाही, म्हणून मी हल्ली आडवी होते ती डोकं माजघरात आणि पाय दारातल्या फरशीवर ठेवून. येणारे-जाणारे ओलांडून जातात. काम संपलं त्या दिवशी दुपारी मी तिथंच उभी होते, अनवाणी, नुसती पाऊल पुढं-मागं करत. देव्हाऱ्याकडून विद्या आली. तिच्या हातात ती छोटी बाटली होती, मूर्तींच्या मागची.

"दुपारचे राहिलेत, आई," ती म्हणाली. "मान वर करा."

मी मान वर केली. पाय लाटेवरच होते.